तोरणमाळ: दूर कुणापासून?

आजचा विषय तोरणमाळ आहे असं कळवल्यावर आमच्याकडे दोन तऱ्हेचे निरोप आले. एक, तिथं राहायची सोय काय आहे? आणि दुसरा, फार दुर्गम भाग आहे हो तो, जपून जा. दोन्ही निरोप आपुलकीनं पाठवलेले होते, आणि दोन्हींत चुकीचं काही नाही. तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्यातलं थंड हवेचं ठिकाण आहे आणि सरकारी कागदावर तो दुर्गम भागही आहे. पण ही दोन्ही नावं खालून, मैदानातून वर बघणाऱ्यानं दिलेली आहेत. सातपुड्यातल्या या लहानशा गावाचा भूगोल आणि इतिहास आज एकत्र वाचताना आम्ही एकच प्रश्न धरून चालणार आहोत. हे गाव दूर आहे म्हणतात, तर ते नेमकं कुणापासून दूर आहे? आणि ते नेहमीच असं दूर होतं का?

आधी जागा नीट समजून घेऊ. नकाशात महाराष्ट्राचा वायव्य कोपरा बघा. खाली तापी, वर नर्मदा, दोघी पश्चिमेला वाहणाऱ्या. मधे सातपुडा. दोन नद्या दोन लांबट खचलेल्या खोऱ्यांतून वाहतात आणि मधला पट्टा उंच राहिला, अशी ही साधी रचना आहे. तोरणमाळ या उंच पट्ट्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर आहे. तालुका अक्राणी, त्याचं मुख्य ठिकाण धडगाव. सगळ्यात ओळखीचा रस्ता मात्र शहाद्याहून येतो, म्हसावद, राणीपूर, काळापाणी करत, आणि शेवटी सातपायरी घाट चढून. अंतर ५५ किलोमीटरच्या आसपास. शहादा तापीच्या काठच्या सपाटीवर, म्हणजे या एका प्रवासात माणूस जवळजवळ एक हजार मीटर वर चढतो. हवेचा साधा हिशोब असा की दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. मे महिन्यात शहाद्यात जीव नकोसा होतो आणि वर संध्याकाळी चादर लागते, त्याचं कारण एवढंच आहे.

आता एक गोष्ट सांगतो, जी गाडीनं जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. सरळ रेषेत मोजलं तर तोरणमाळला तापीपेक्षा नर्मदा जवळ आहे. पठाराच्या उत्तर उतारावर पडणारा पाऊस नर्मदेला जातो, दक्षिण उतारावरचा गोमाई नदीतून प्रकाशाजवळ तापीला मिळतो. म्हणजे गाव पाणलोटाच्या माथ्यावर बसलेलं आहे. पण बस, बाजार, दवाखाना, महाविद्यालय, सगळं दक्षिणेला. उत्तरेकडे काय आहे? तर दऱ्या, पाड्यांपर्यंत जाणाऱ्या पायवाटा, राज्याची हद्द आणि धरणाचं पाणी. हे असं का झालं ते पुढे येईलच.

दगडाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण इथलं पाणी आणि इथली वस्ती दोन्ही दगडानं ठरवली आहेत. सातपुड्याचा हा भाग बेसॉल्टचा, आपल्या सह्याद्रीसारखाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. दोन उद्रेकांच्या मधे जो काळ गेला त्यात वरचा थर झिजून तांबडी माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. घाटाच्या कापलेल्या भिंतीत हे तांबडे पट्टे दिसतात. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजतो, त्यामुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा होतो आणि माथा सपाट राहतो. गावाच्या नावातला ‘माळ’ तो हाच. ‘तोरण’ कुठून आलं? इथल्या रानात तोरण नावाचं झुडूप मुबलक, त्यावरून आलं असं सांगतात. तोरणादेवीवरून आलं असंही सांगतात. देवीचं नाव झुडपावरून की झुडपाचं देवीवरून, यावर आम्ही भांडणार नाही.

वर पडलेलं पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खाली मुरतं, तांबड्या थराशी अडतं, आणि मग आडवं सरकत कड्याच्या पोटातून झऱ्यासारखं बाहेर येतं. म्हणून सातपुड्यात झरे एका ठरावीक उंचीवर ओळीनं सापडतात. ज्या पाड्याला असा झरा जवळ आहे तो बारमाही पाड्यासारखा जगतो. ज्याला नाही, तिथल्या बाया फेब्रुवारीपासून ओढ्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरतात. पठारावर मात्र पाणी थांबतं. माथ्याचा भाग बशीसारखा खोलगट, तळाला घट्ट दगड, त्यामुळे यशवंत तलाव. पर्यटक त्याचा फोटो काढतात, आणि काढावाच असा तो आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनं सांगायचं तर हजार मीटरवर भर उन्हाळ्यात पाणी धरून ठेवणारं तळं म्हणजे डोंगरात माणसांची, गुरांची आणि साधूंची वस्ती टिकायची हमी. तळ्याच्या आसपास जुन्या बांधकामाचे अवशेष आहेत, गोरखनाथाचं मंदिर आहे, मच्छिंद्रनाथाची गुहा आहे. पावसाळ्यात पठारावरचं जादा पाणी सीताखाईच्या खोल दरीत कोसळतं.

मैदानातल्या माणसाला इथलं गाव पटकन गावासारखं दिसत नाही. खानदेशात गाव म्हटलं की गावठाण, त्याला वेस, भिंतीला भिंत लागलेली घरं, बाहेर शेतं. सातपुड्यात गाव म्हणजे पाड्यांचा समूह, आणि पाडा म्हणजे आपापल्या शेतात विखुरलेली घरं. कुडाच्या भिंती, उतारावरचं अंगण, एका घरातून दुसऱ्या घरी जायचं तर एखादा ओढा उतरून चढायचा. एका गावाचे दोन पाडे चार-पाच किलोमीटर लांब असू शकतात. यामागे अडाणीपणा नाही. सपाट जमीन तुकड्यातुकड्यांत आहे, पाणी तुकड्यातुकड्यांत आहे, म्हणून माणसंही तशीच राहिली. पण मग शाळा कुठल्या पाड्यावर बांधायची, विजेचा खांब कुठवर न्यायचा, रेशनचं दुकान कुणाच्या सोयीचं, हे प्रश्न गावठाण डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या योजनेला सुटत नाहीत. मग फाइलवर शेरा पडतो: दुर्गम.

इतिहासाकडे वळू. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड निघाला. त्यात तोरणमाळची नोंद आहे, आणि एक परंपराही दिलेली आहे की तोरणमाळचा राजा युवनाश्व पांडवांशी लढला. आता युवनाश्व हे नाव पुराणांत मांधात्याच्या वडिलांचं म्हणून येतं. आणि मांधाता कुठं? नर्मदेच्या पात्रात, ओंकारेश्वरचं बेट मांधाता याच नावानं ओळखलं जातं. या कथेतून राजाचा काळ ठरवायच्या फंदात पडू नका. पण कथेचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. ती नर्मदेकडे बघते. पश्चिमेला अस्तंबा डोंगर आहे, १३२५ मीटर, जिल्ह्यातलं सर्वांत उंच शिखर. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा नर्मदेच्या दोन्ही काठांवर भेटतो, लोककथेत. दिवाळीच्या सुमारास हजारो आदिवासी अनवाणी त्या डोंगरावर जातात. म्हणजे इथल्या गोष्टींचा आणि देवांचा नकाशा नर्मदेभोवती आखलेला आहे आणि आजचा बसचा नकाशा तापीभोवती. दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की गंमत कळते.

राज्यकारभाराचा जुना नकाशासुद्धा असाच वेगळा होता. ऐन-इ-अकबरीत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी, नंदुरबार सरकार हे खानदेशात धरलेलं नाही, ते माळवा सुभ्यात आहे. माळवा नर्मदेच्या पलीकडे, नंदुरबार तापीच्या अलीकडे, आणि दोघांच्या मधे सातपुडा. याचा अर्थ त्या काळच्या कारभाऱ्याला सातपुडा भिंत वाटत नव्हता, तो एकाच प्रदेशाच्या मधला डोंगर होता, ज्यातून वाटा जायच्या. घाटवाटांवरून व्यापारी, फौजा, बैरागी, मीठ-कापड घेऊन जाणारे तांडे जात. नाथपंथी साधू उंचावर पाणी असलेल्या जागा निवडत, त्यात तोरणमाळ सहज बसतं.

या वाटांची राखण कोण करत होतं? डोंगरातले भिल्ल नाईक. वाट सुरक्षित ठेवायची, त्याबद्दल हक्क म्हणून ठरलेली रक्कम किंवा धान्य घ्यायचं. हा व्यवहार मोडला की लूट व्हायची, आणि खालच्या कागदपत्रात फक्त लूट नोंदली जायची. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम आला आणि त्यानं भिल्लांचीच भिल्ल पलटण उभी केली. म्हणजे डोंगर काबूत ठेवायला डोंगरातलीच माणसं. सेंधव्याच्या घाटात मुंबई-आग्रा रस्त्याची राखण करणारा खाज्या नाईक सुरुवातीला इंग्रजांच्याच चाकरीत होता. पुढे बिनसलं, आणि १८५७च्या उठावात तो आणि भीमा नाईक दोघंही उलटले. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या लढाईत इंग्रज फौजेनं त्यांच्या लोकांवर मोठा हल्ला केला. आंबापाणी तोरणमाळहून पूर्वेला, याच सातपुड्याच्या रांगेत, बडवानीच्या बाजूला. पश्चिमेला मेवासी संस्थानं होती, काठी, सिंगपूर, नाला, नवलपूर, गव्हाळी, चिखली अशी सहा लहान घराणी. त्यातल्या काठीची राजवाडी होळी आजही गाजते. तेव्हा हा प्रदेश रिकामा, बिनराज्याचा, इतिहासाबाहेर पडलेला होता असं कुणी म्हणालं तर पटवून घेऊ नका.

एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. साहेबानं महाबळेश्वर वसवलं, माथेरान वसवलं, मग तोरणमाळ का नाही? उंची आहे, तळं आहे, हवा आहे. आमचं उत्तर असं. महाबळेश्वरच्या पायथ्याला पुणे-साताऱ्याची छावणी आणि मागे मुंबईचं सरकार होतं. इथे खानदेशात साहेब थोडे, आणि पायथ्याच्या रानात हिवताप. सुरतेहून तापी खोऱ्यातून रेल्वे आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी, आणि ती नंदुरबारवरून गेली, म्हणजे तापीच्या दक्षिणेनं. तोरणमाळला यायला नदी ओलांडा, रान ओलांडा, मग घाट चढा. एवढी यातायात सुट्टीसाठी कोण करणार? त्यामुळे बंगले झाले नाहीत. आम्हाला याचं फारसं वाईट वाटत नाही.

साहेब सुट्टीला आले नाहीत, पण जंगलासाठी आले. हा भाग जरा सावकाश घेऊ. १८७८च्या जंगल कायद्यानंतर सातपुड्यातली मोठी जमीन राखीव जंगल झाली. पूर्वी उतारावरचा एखादा तुकडा साफ करून, राख मातीत मिसळून, दोन-चार वर्षं ज्वारी-मोर-बंटी घ्यायची आणि मग तो तुकडा सोडून द्यायचा, अशी फिरती शेती चाले. कायद्याच्या नजरेत हा गुन्हा झाला. जंगल खात्याला लाकूडतोडीला, लागवडीला मजूर हवे होते, म्हणून काही वस्त्या ‘वनगावं’ म्हणून ठेवल्या गेल्या. वनगाव म्हणजे काय, तर गाव आहे, माणसं आहेत, पिढ्या झाल्या, पण सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून कर्ज नाही, विहिरीचं अनुदान नाही, नुकसानीचा पंचनामा नाही. अक्राणी-अक्कलकुव्यातल्या कितीतरी गावांची दोन-तीन पिढ्या हीच तक्रार होती. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा जुन्या वहिवाटीचे पुरावे शोधण्याची धावपळ सुरू झाली, आणि ज्या माणसाला कुणी कधी कागद दिला नाही त्याच्याकडे कागद मागितला गेला.

पायथ्याशी वेगळीच कथा. शहादा-तळोद्याची काळी जमीन आदिवासींच्या हातून सावकारी आणि व्यवहारांतून गेली होती. १९७१ मध्ये पाटीलवाडीला गोळीबार झाला, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, आणि अंबरसिंग सुरतवंती यांचं नाव या चळवळीशी कायमचं जोडलं गेलं. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, इथं फक्त एवढं लक्षात घ्या की वरच्या उतारावर जमीन कायद्यानं अडली होती आणि खालच्या सपाटीवर ती व्यवहारानं गेली होती. डोंगरातल्या माणसाला खाली सरकायला जागाच उरली नव्हती.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण ते विषयाच्या पोटातलंच आहे. घुबडाची गोष्ट. रानपिंगळा नावाचं लहान घुबड, काही जण त्याला वनपिंगळा म्हणतात. १८७३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं शहादा-तळोद्याच्या बाजूला त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर नमुनाच नाही. शंभर वर्षं सगळे म्हणत राहिले की पक्षी बहुधा नामशेष झाला. मधे रिचर्ड मायनर्टझागेन या प्रसिद्ध पक्षीसंग्राहकानं १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला एक मिळवल्याचा दावा केला होता, त्यामुळे शोधणारे भलतीकडे शोधत होते. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासून दाखवलं की तो नमुना डेव्हिडसनच्याच संग्रहातला, चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. मग त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या टेकड्यांत, दिवसाउजेडी, झाडाच्या फांदीवर तो बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. पुढच्या पाहण्यांत तोरणमाळच्या जंगलातही तो आढळला. जगभर बातमी झाली की हरवलेला पक्षी मिळाला. रानपिंगळा दिवसा हिंडणारा, ठळक आवाजाचा पक्षी आहे. मोहाची फुलं वेचायला पहाटे रानात जाणाऱ्यांच्या कानावर तो आवाज ती सगळी ११३ वर्षं पडत असणार. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. पिंगळा हरवला होता तो संग्रहालयांसाठी.

हद्दीचा मुद्दा. स्वातंत्र्याआधी तोरणमाळच्या उत्तर-पूर्वेला बडवानी संस्थान होतं, इकडे पश्चिम खानदेश. १९५६ मध्ये बडवानी मध्य प्रदेशात, १९६० मध्ये इकडचा भाग महाराष्ट्रात, पलीकडे गुजरात. एका डोंगराची तीन राज्यांत वाटणी झाली. धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. हद्दीनं काय होतं त्याचा एक नमुना देतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘पावरा’ आहे, मध्य प्रदेशाच्या यादीत ‘बारेला’. डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे राहणारे हे एकमेकांचे सोयरे, बोली जवळजवळ तीच, लग्नं होतात. पण मुलगी लग्न होऊन हद्द ओलांडून आली की जातीच्या दाखल्याला किती खेटे घालावे लागतात ते तिच्या घरी विचारा.

आणि उत्तरेची शेवटची वाट पाण्यानं बंद केली. सरदार सरोवराच्या जलाशयात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. तोरणमाळ उंचावर, त्याला बुडण्याचा प्रश्नच नव्हता. पण नर्मदाकाठची गावं म्हणजे या डोंगराचा खालचा मजला होता. नातीगोती तिथं, मासे तिथून, पलीकडे जायचा उतार तिथं. नर्मदा परिक्रमेची शूलपाणी झाडीतली जुनी पायवाटही त्याच काठानं जायची. धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीला गेलं, काठच्या बऱ्याच लोकांना तळोदा-शहाद्याच्या सपाटीवरच्या वसाहतींत हलवलं गेलं. नदी ओलांडायची जुनी ठिकाणं गेली, आणि डोंगराचं तोंड आणखी दक्षिणेकडे वळलं. आता सुरुवातीचा प्रश्न आठवा. जी जागा एकेकाळी दोन नद्यांच्या मधल्या वाटेवर होती, ती हळूहळू एका रस्त्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसली. तिला दुर्गम करणारी कामं माणसांनी केली, आणि त्यांतली बरीचशी गेल्या दीडशे वर्षांत.

कुणी म्हणेल, डोंगराळ भाग म्हणजे मागासपणा आलाच, तुम्ही उगाच माणसांवर ढकलताय. म्हणून जरा बाहेरचं उदाहरण घेऊ. फ्रान्समधे आल्प्सच्या दक्षिण भागात उबाय नावाचं खोरं आहे, त्यात बार्सेलोनेत हे छोटं गाव. उंची सुमारे ११३५ मीटर, म्हणजे तोरणमाळच्या जवळजवळ बरोबरीनं. तिथं हिवाळ्यात बर्फ पडून काम थांबायचं, तर माणसं लोकरीचं कापड पाठीवर घेऊन विकायला खाली उतरायची. १८२१ च्या सुमारास तिथले आर्नो बंधू मेक्सिकोला गेले, कापडाचं दुकान काढलं, मग त्यांच्यामागे खोऱ्यातले शेकडो तरुण गेले. श्रीमंत होऊन परतलेल्यांनी गावात मोठमोठे बंगले बांधले, ते आजही उभे आहेत. शेजारच्या ब्रियाँसों भागातून तर शिक्षक बाहेर जायचे. हिवाळी बाजारात ते टोपीला पिसं लावून उभे राहायचे, एक पीस म्हणजे वाचायला शिकवतो, दोन म्हणजे गणितही, तीन म्हणजे लॅटिनसुद्धा. डोंगरातल्या त्या खेड्यांत साक्षरता खालच्या सपाटीपेक्षा जास्त होती. इतिहासकार फर्नां ब्रोदेल यांनी म्हटलंय की डोंगर हे दुसऱ्यांसाठी माणसं घडवून पाठवणारे कारखाने असतात. खरं आहे. पण कुठल्या कामाला आणि कुठल्या अटीवर पाठवतात, ते उंचीवरून ठरत नाही.

आमच्या सातपुड्यातही वर्षाचे काही महिने काम थांबतं. बर्फानं नाही, पाण्यावाचून. खरिपाची ज्वारी-मका निघाली की उतारावर दुसरं पीक घ्यायला ओल उरत नाही. मग दिवाळीनंतर अक्राणी-शहाद्याच्या पाड्यांतून टोळ्या निघतात, सुरत-बारडोलीकडच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोची जोडी कोयता घेऊन जाते, पोरंही सोबत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ मध्ये बारडोलीच्या ऊसतोडीवर लिहिलं, त्यात खानदेशातून येणारे हे मजूर आहेत. म्हणजे ही चाल निदान अर्ध्या शतकाची. बार्सेलोनेतचा माणूस स्वतःचा माल घेऊन उतरला. इथला माणूस कर्ज घेऊन उतरतो. दोघांचे डोंगर एकाच उंचीचे.

आणि शाळा? २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्के होती, अक्राणी तालुक्याची त्याहून बरीच खाली. जिल्ह्यात ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. मूल पहिलीत जातं तेव्हा घरी पावरी किंवा भिली बोलत असतं आणि पुस्तक मराठीत असतं. त्यात नोव्हेंबरात आईबाप उसाला गेले की मूल एक तर सोबत जातं, नाहीतर आजीपाशी राहतं. गेल्या काही वर्षांत तोरणमाळला मोठी निवासी शाळा झाली आहे, आसपासच्या पाड्यांवरची मुलं एका जागी आणलेली. याबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत. एक म्हणतं, निदान मूल ऊसाच्या फडात जात नाही. दुसरं म्हणतं, पाड्यावरची लहान शाळा बंद झाली की सहा वर्षांचं लेकरू घरापासून तोडावं लागतं. आम्ही यावर एकमत करून आलेलो नाही, तसं भासवतही नाही.

शेवटी एका श्रोत्यानं विचारलेला प्रश्न घेतो. जायचं तर कोणत्या महिन्यात जावं? पावसाळ्यात धबधबे आहेत, धुकं आहे, पण सातपायरी घाटात गाडी सावकाश न्या. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम, तलाव भरलेला, हॉटेलंही गजबजलेली, पण पाड्यांवर फिरलात तर बऱ्याच घरांना कुलूप दिसेल, अंगणात एखादी म्हातारी आणि कोंबड्या. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा असते. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, तिन्हीकडून लोक चढून येतात, आणि त्याच दिवशी पश्चिमेचे आदिवासी गुजरातेतल्या देवमोगऱ्याला याहामोगी मातेच्या यात्रेला गेलेले असतात. मे महिन्यात जाल तर खडकांवर आमचूर वाळत घातलेलं दिसेल. कैऱ्या सोलून, काप करून, उन्हात पांढऱ्या होईपर्यंत वाळवायच्या, हे सगळं बायांचं काम, आणि भाव मात्र धडगावच्या बाजारात व्यापारी सांगेल तो. माणसं बघायची असतील तर होळीच्या आधीच्या आठवड्यात जा. भोंगऱ्याचे बाजार तेव्हाच भरतात, ढोल वाजत असतात, आणि सुरतेकडून टोळ्या परत यायला लागलेल्या असतात. फक्त त्या आठवड्यात शहाद्याहून वर जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळत नाही, तेव्हा सकाळी लवकर स्टँडवर पोचा.